पाड्यावरच्या आजी-आजोबांचं पेन्शन: सुरुवात कुठून करायची

मुंबईतल्या आरेतल्या आणि नॅशनल पार्कातल्या आदिवासी पाड्यांवर आता घरटी एखादं तरी पोर बारावीपर्यंत पोचलंय. हातात फोन आहे, फॉर्म वाचता येतो, ऑनलाइन कुठे काय भरायचं ते पटकन कळतं. त्या पोरापोरींसाठी हे लिहितेय. तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी म्हातारं माणूस असेल, नवरा गेलेली बाई असेल, हातापायाने अधू माणूस असेल आणि त्यांना सरकारकडून महिन्याला काहीच येत नसेल, तर हे काम तुम्ही अंगावर घ्या. ते स्वतः जातील याची वाट बघू नका. तहसील कचेरीत जायचं म्हणजे त्यांचा एक दिवसाचा रोज बुडतो. तिथे कुणी जरा आवाज चढवून बोललं की ते गप्प परत येतात आणि पुन्हा जात नाहीत.

मी वारली, पाड्यावरच वाढले, अंगणवाडीत मदतनीस आहे. दुपारी मुलं घरी गेली की अंगणवाडीच्या पायरीवर बसून लोकांचे कागद बघते. त्यातून जे कळलं ते सांगते.

या पेन्शनचे महिन्याला १५०० रुपये मिळतात, दिव्यांगांना जास्त, ते पुढे सांगते. मुंबईत एवढ्यात काय होतं, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. जिने पावसाळ्यात टाकळा, शेवळं, कुर्डू विकून आणि बाकीचं वर्ष तबेल्यांना गवत कापून देऊन दिवस काढले, तिच्या स्वतःच्या खात्यात १५०० आले की औषधासाठी सुनेच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. मला तेवढं कारण पुरतं.

जातीच्या दाखल्यासाठी पेन्शन अडवून ठेवू नका

पाड्यावर सगळ्यात जास्त नुकसान या एका समजुतीने झालंय. "आधी जातीचा दाखला काढू, मग सगळं मिळेल." दाखला निघता निघत नाही, आजोबांच्या आजोबांचा कागद सापडत नाही, आणि त्या खटपटीत म्हातारी माणसं पेन्शनविना जातात.

नीट समजून घ्या. संजय गांधी निराधार अनुदान योजना, श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आणि केंद्राच्या इंदिरा गांधी नावाच्या वृद्धापकाळ, विधवा व दिव्यांग निवृत्तिवेतन योजना, यांची पात्रता जातीवर ठरत नाही. वय, उत्पन्न आणि निराधार असणं यावर ठरते. अर्जात प्रवर्गाचा रकाना असतो. दाखला असेल तर जोडा. नसेल तरी अर्ज द्या आणि दाखल्याचं काम वेगळ्या फाइलमध्ये चालू ठेवा.

दुसरी गोष्ट डहाणू-तलासरीकडच्या पाहुण्यांशी बोलताना लक्षात ठेवायची. तो भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे आदिवासींसाठीच्या अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथे ग्रामसभेला जादा अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे. गरोदर बायांना एक वेळचं जेवण देणारी अमृत आहार योजना अनुसूचित क्षेत्रातली, आणि रोजगार हमीचं काम खेड्यातलं. मुंबईचे पाडे अनुसूचित क्षेत्रात नाहीत आणि कागदोपत्री शहरात मोडतात. म्हणून तिकडचं ऐकून इकडे "आमचं का नाही" असं खिडकीवर भांडलात तर दिवस वाया जाईल. हा अन्यायच आहे असं मी मानते, कारण बिबट्या, अंधार आणि पाण्याचा हंडा तिथे आहे तसाच इथेही आहे. पण ती लढाई वेगळी आणि मोर्चाची. खिडकीवर गेल्यावर जे मिळण्यासारखं आहे ते पदरात पाडून घ्या.

२०२० साली कोरोनात आदिवासी विकास विभागाने खावटी अनुदान दिलं होतं, ४००० रुपयांचं. त्यातले २००० खात्यात आणि २००० चं धान्य-किराणा. ते तेवढ्या वर्षापुरतं होतं. अजूनही कुणी पाड्यावर येऊन "खावटीचा फॉर्म, दोनशे रुपये द्या" म्हणालं तर त्याला शासन निर्णय दाखवायला सांगा.

कुणाचा अर्ज कुठल्या योजनेत

वय ६५ किंवा जास्त असेल तर श्रावणबाळ. घराचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर त्याच माणसाला केंद्राचं इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तिवेतन लागू होतं. केंद्र ८० वर्षांच्या आत २०० आणि ८० नंतर ५०० देतं, वरची भर राज्य घालतं, म्हणजे हातात एकूण १५०० च येतात. दोन्हीचं वेगवेगळं पेन्शन मिळणार असं आजीला सांगून ठेवू नका.

६५ च्या आतलं माणूस निराधार असेल तर संजय गांधी योजना. ही १९८० पासूनची आहे. यात विधवा येतात, घटस्फोटित येतात, नवऱ्याने टाकलेल्या बाया येतात, अनाथ मुलं येतात, ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेले येतात. क्षयरोग, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग अशा आजारांमुळे कमावू न शकणारेही येतात. क्षयाचा मुद्दा पाड्यांवर मुद्दाम सांगावा लागतो, कारण गोळ्या चालू असतात, मजुरी बंद असते आणि या माणसालाही अर्ज करता येतो हे घरात कुणाला माहीत नसतं.

रक्कम २०२३ च्या जुलैपासून १००० ची १५०० झाली. दिव्यांगांसाठी २०२५ च्या ऑक्टोबरपासून २५०० आहे. घरात दिव्यांग लाभार्थी असेल आणि खात्यात अजून १५०० च येत असतील, तर त्याची नोंद दिव्यांग म्हणून आहे की दुसऱ्या कुठल्या कारणाखाली, ते कचेरीत जाऊन बघा. विधवा म्हणून नोंदलेली बाई अपंगही असते, असं होतं.

उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० रुपये, दिव्यांगांना ५०,०००. महाराष्ट्रात किमान १५ वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो. आपण तर पिढ्यान्‌पिढ्या इथलेच आहोत, पण कागदाला ते सांगावं लागतं.

लाडकी बहीण घेणाऱ्यांसाठी एक वाक्य: संजय गांधी योजनेचे १५०० ज्या बाईला मिळतात तिला लाडकी बहीण मिळत नाही. दोन्ही भरून ठेवू, एक तरी लागेल, असं करू नका. तपासणीत सापडतं आणि मग दोन्हींचे खेटे घालावे लागतात.

वयाचा पुरावा

आधी आधार कार्ड काढून जन्मतारीख बघा. आमच्या पाड्यावरच्या बहुतेक म्हाताऱ्यांची जन्मतारीख १ जानेवारी आहे. शिबिरात मशीन लावून बसलेल्या पोराने विचारलं, "आजी, वय किती?" आजी म्हणाली, "असेल पन्नास-पंचावन्न." त्याने वजाबाकी केली, १ जानेवारी टाकली आणि साल ठोकून दिलं. त्या एका आकड्यामुळे चांगली सत्तरीची बाई कागदावर ६१ ची निघते आणि श्रावणबाळात बसत नाही.

अशा वेळी काय करायचं? योजनेच्या नियमात वयासाठी बरेच पर्याय दिलेले आहेत: जन्म नोंदीचा उतारा, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्डावरचं वय, मतदार यादीतला उतारा, किंवा सरकारी रुग्णालयातल्या वैद्यकीय अधीक्षकाच्या दर्जाच्या डॉक्टरने दिलेला वयाचा दाखला. आपल्या आजी शाळेत गेलेल्या नाहीत, जन्म झोपडीत झालेला. म्हणून जुनी मतदार यादी शोधा. निवडणूक आयोगाच्या राज्याच्या संकेतस्थळावर जुन्या याद्याही बघता येतात. २००० च्या आसपासच्या यादीत वय लिहिलेलं असतं, त्यावरून आजचं वय निघतं. तेही जुळत नसेल तर रुग्णालयातून वयाचा दाखला घ्या.

थोरल्या मुलाचं वयही धरून बघा. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर १९७४ असेल आणि आईच्या आधारवर १९६५ असेल, तर आईचं साल चुकलंय हे कुणालाही दिसतं. डॉक्टरला आणि कचेरीतल्या साहेबाला हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवा. तोंडी समजावण्यापेक्षा ते पटकन पटतं. आधारवरची जन्मतारीख साधारण एकदाच बदलून मिळते, त्यामुळे हातात पक्का कागद असल्याशिवाय तिला हात लावू नका.

६५ होत नसतील आणि आजी विधवा असेल, तर श्रावणबाळची वाट बघत बसू नका. संजय गांधीत विधवा म्हणून आजच बसते.

नाव, पत्ता, उत्पन्न

नावाची भानगड प्रत्येक फाइलमध्ये निघते. रेशनकार्डावर मंजी, आधारवर मंजुळा, मतदार यादीत मंजुबाई, आणि एका ठिकाणी माहेरचं आडनाव. सगळे कागद जमिनीवर पसरून नावं एका कागदावर लिहून काढा, मग "या सर्व नावांची व्यक्ती एकच" असं प्रतिज्ञापत्र करा. जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठी सरकारी कचेरीत द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. कचेरीबाहेरच्या टेबलावर कुणी ५०० चा स्टँप पेपर घ्यायलाच लावत असेल तर आत जाऊन साध्या कागदावर चालतं का ते विचारा. चालतं.

पत्त्याचं दुखणं आपल्याकडे वेगळं. काही पाड्यांवर वीज फार उशिरा आली, घराला नंबर नाही, भाडेकरार असण्याचा प्रश्नच नाही. मग लाइट बिल कुठून आणणार? मतदार यादीचा उतारा, रेशनकार्ड, नातवंडांच्या शाळेचा बोनाफाइड, दवाखान्याचं जुनं कार्ड, जे मिळेल ते जोडा. शिवाय तलाठ्याची स्थळपाहणी मागा. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. ते येतील त्या दिवशी पाड्यावर दोन जुनी माणसं हजर ठेवा, जबाब द्यायला. आणि सगळ्या कागदांवर पाड्याचं नाव एकाच पद्धतीने लिहा. एकीकडे "खांबाचापाडा", दुसरीकडे "आरे कॉलनी युनिट अमुक", तिसरीकडे नुसतं "गोरेगाव पूर्व" असेल तर बघणाऱ्याला ती तीन घरं वाटतात.

मुंबई उपनगर जिल्ह्यात तीन तालुके आहेत: कुर्ला, अंधेरी, बोरिवली. आपल्या पाड्यांमध्ये या हद्दी फिरतात. मरोळ-मरोशीकडचा पाडा आणि गोरेगावकडचा पाडा यांची कचेरी एकच असेल असं धरून चालू नका. शेजारच्या ज्या घरात पेन्शन चालू आहे त्यांच्या मंजुरीच्या पत्रावर कुठल्या तहसीलदाराचा शिक्का आहे ते बघा.

आता उत्पन्न. २१,००० म्हणजे महिन्याला १७५०. मुंबईत एवढ्यात कुणी जगत नाही हे सरकारलाही माहीत असणार. ही मर्यादा वाढायलाच हवी, ती कित्येक वर्षं तिथेच आहे. पण आज आपल्यासमोर हाच आकडा आहे. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर त्याचा साक्षांकित उतारा चालतो. नाहीतर तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढावा लागतो, सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून.

इथे मी एक सांगते, त्यावर पाड्यावर माझ्याशी वादही झालेत. खोटं लिहू नका. मुलगा रॉयल पाम्सच्या इमारतीत सिक्युरिटीला असेल, महिन्याला पगार घेत असेल आणि आई त्याच चुलीवर जेवत असेल, तर त्या घराचं उत्पन्न २१,००० नाही. मात्र आई खरंच वेगळी राहत असेल, पाठीमागच्या खोपटात तिची चूल वेगळी असेल, तर तिचं घर वेगळं आहे आणि कागदावरही ते वेगळं दिसलं पाहिजे. आधी मुलाच्या रेशनकार्डातून तिचं नाव कमी करून तिचं स्वतंत्र कार्ड काढा, मग उत्पन्नाचा दाखला. उलट क्रमाने गेलात तर तपासणीत मुलाचा पगार तिच्या नावासमोर येतो. मुंबईत रेशनकार्डाचं काम तहसीलकडे नसतं, शिधावाटप कार्यालयात असतं, तिथे वेगळं जावं लागतं.

स्वतंत्र कार्ड काढायला गेलाच आहात तर अंत्योदयाची मागणीही लेखी करा. अंत्योदयाच्या पिवळ्या कार्डावर घराला महिन्याला ३५ किलो धान्य आहे, माणसं कितीही असोत. प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो. एकटीच राहणाऱ्या म्हातारीला या दोहोंत केवढा फरक पडतो ते सांगायला नको. कातकरी कुटुंबांनी तर यासाठी आग्रह धरलाच पाहिजे. कातकरी महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित जमातींपैकी एक, बाकीच्या दोन कोलाम आणि माडिया गोंड.

विधवा, टाकलेली बाई, दिव्यांग

विधवेला नवऱ्याचा मृत्यू दाखला लागतो. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर नोंद आपोआप झालेली असते, पालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून दाखला मिळतो. अडचण येते ती घरी गेलेल्या माणसाची, ज्याचा अंत्यविधी पाड्याजवळच उरकला आणि नोंद कुणी केली नाही. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. वर्षाच्या आत असेल तर विलंब शुल्क आणि परवानगी घेऊन होते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हा आदेश जिल्हाधिकारी, प्रांत किंवा अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी देतात, त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. वेळ जातो, पण काम होतं. यापुढे पाड्यावर कुणी गेलं की तेराव्याच्या आत नोंद करायची, एवढा नियम तरी पोरांनी घालून घ्यावा.

कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला असेल आणि घर दारिद्र्यरेषेखालचं असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० मिळतात. याचाही अर्ज त्याच कचेरीत असतो. विधवेचा अर्ज देताना हाही विचारा, कारण आपणहून कुणी सांगत नाही.

नवऱ्याने टाकलेल्या बाईची फाइल सगळ्यात अवघड. घटस्फोट कागदावर नसतो, नवरा दुसरीकडे संसार करतो आणि कागदावर ती "विवाहित". तिला परित्यक्ता असल्याचा, महसूल खात्याने चौकशी करून दिलेला दाखला लागतो. शेजाऱ्यांचे जबाब महत्त्वाचे ठरतात. नवऱ्याच्या घरचे पाड्यावरच असतील तर जबाब द्यायला लोक बिचकतात. अशा वेळी पाड्यावरच्या दोन-चार वडीलधाऱ्या बायांना आधी विश्वासात घ्या. बाईला एकटीला चौकशीला पाठवू नका.

दिव्यांगांना यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र लागतं. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरून सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात तपासणीला जायचं असतं. डोळ्यांची, कानाची, हाडांची तपासणी वेगवेगळ्या वारी असते, ते आधी विचारून जा. चालता न येणाऱ्या माणसाला आतल्या पाड्यावरून रस्त्यापर्यंत उचलून आणावं लागतं. चुकीच्या वारी नेलं तर पुढच्या वेळी तो येत नाही.

अर्ज देताना

कागद नायलॉनच्या पिशवीत घडी घालून ठेवलेले असतात, पावसात भिजलेले, वाळवीने खाल्लेले. प्रत्येक माणसाची स्वतंत्र प्लास्टिकची फाइल करा. प्रत्येक कागदाचा मोबाइलवर स्पष्ट फोटो काढून ठेवा. मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका, साहेबाला दाखवायचा आणि परत घ्यायचा. द्यायची ती झेरॉक्स, तिच्यावर सही किंवा अंगठा.

अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी योजनेच्या विभागात जातो. पोचपावती घेतल्याशिवाय उठायचं नाही. पावती देत नसतील तर अर्जाची एक जादा प्रत सोबत ठेवा आणि तिच्यावर तारखेचा शिक्का मागा. मंजुरी समितीच्या बैठकीत होते. त्यामुळे अर्ज दिला आणि पुढच्या महिन्यात पैसे आले असं होत नाही. मधल्या काळात "माझी ओळख आहे, समितीत बोलतो" म्हणणारे भेटतात. पैसे देऊ नका. ओळख नसलेल्यांची नावंही यादीत येतात, आम्ही बघितलीत.

सकाळी लवकर निघा, आणि संध्याकाळी अंधाराच्या आत पाड्यावर पोचाल असं बघा. आजीला सोबत नेणार असाल तर भाकरी बांधून न्या.

पैसे मंजूर, पण खात्यात नाहीत

हे इतक्या वेळा होतं की यावर जरा थांबते. आता पैसे डीबीटीने, म्हणजे सरकारकडून आधारवरून थेट बँकेत येतात, म्हणजे तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यावर येतीलच असं नाही. ज्या खात्याला आधार शेवटचं जोडलं गेलं, त्यात येतात.

आमच्या शेजारच्या पाड्यावरच्या एका आजीला मंजुरीचं पत्र मिळालं होतं. पासबुक भरून आणलं की रक्कम शून्य. बँकेत म्हणायचे आमच्याकडे आलेच नाहीत, कचेरीत म्हणायचे आम्ही पाठवले. मग नातवाच्या फोनवर आधारच्या संकेतस्थळावरचं बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते, उघडलं. तिथे एका पेमेंट बँकेचं नाव होतं, जिचं नावही आजीने ऐकलेलं नव्हतं. आठवून आठवून विचारल्यावर कळलं की स्टेशनबाहेर छत्री लावून बसलेल्या सिमकार्डवाल्याकडून तिने सिम घेतलं होतं आणि त्याने मशीनवर दोनदा अंगठा घेतला होता. दुसऱ्या अंगठ्याला खातं उघडलं गेलं. पैसे सगळे तिथेच जमत होते. त्या सिमवर ओटीपी मागवून ते बाहेर काढले आणि तिच्या नेहमीच्या बँकेत आधार सीडिंगचा फॉर्म भरून खातं बदलून घेतलं.

म्हणून अर्ज देण्याच्या आधीच सीडिंग तपासा. नुसतं "खात्याला आधार लिंक आहे" एवढं बँकेत विचारू नका, "डीबीटीसाठी एनपीसीआयला मॅप आहे का" असं विचारा. एनपीसीआय ही बँकांमधली पैशांची देवाणघेवाण चालवणारी संस्था. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँक लांब पडत असेल तर पोस्टाच्या पेमेंट बँकेचं खातं म्हाताऱ्यांना सोयीचं पडतं.

गवत कापून, भांडी घासून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, अंगठा उमटत नाही. हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून, बाकीची बोटं लावून बघा. तरी नाही झालं तर डोळ्याच्या बुबुळावर किंवा चेहऱ्यावर ओळख पटवायची सोय आहे. "अंगठा येत नाही, परत जा" हे उत्तर मान्य करू नका.

पेन्शन चालू झालं की वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, साधारण जानेवारी ते मार्चमध्ये. तो राहिला की पैसे बंद होतात आणि आजीला कारण कळत नाही. तुमच्या फोनमध्ये पाड्यावरच्या सगळ्या लाभार्थ्यांसाठी २ जानेवारीची आठवण लावून ठेवा आणि सगळ्यांना एकाच दिवशी न्या.

दुसरी फाइल: जातीचा दाखला

पेन्शनला नसला तरी नातवंडांच्या शिष्यवृत्तीला, वसतिगृहाला, नोकरीला तो लागतोच. अनुसूचित जमातीसाठी मानीव तारीख, म्हणजे त्या दिवशी कुटुंब कुठे होतं ते धरायची तारीख, ६ सप्टेंबर १९५०. त्याच्या आधीचा, जात लिहिलेला पुरावा वाडवडिलांच्या नावाने सापडला तर काम सोपं होतं. आपल्याकडे शाळेचा कागद क्वचित असतो, म्हणून महसुली नोंदी शोधा: गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, आणि जुने सातबारे, फेरफार. आरे दुग्धवसाहत सुरू झाली १९५१ साली. त्याआधी ही गावं होती, त्यांची दप्तरं होती. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून उतारे मागता येतात.

घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाला विचारा: आजोबांचं नाव काय, त्यांच्या बापाचं काय, मूळ पाडा कुठला. काही घरं इथलीच, काही पालघरकडून आलेली. १९५० साली कुटुंब डहाणूकडे असेल तर दाखला तिकडच्या प्रांताकडून घ्यावा लागतो, मुंबईत कितीही खेटे घाला. वडिलांच्या किंवा सख्ख्या चुलत्याच्या नावाने वैधता प्रमाणपत्र, म्हणजे जातीचा दाखला तपासून खरा ठरल्याचा कागद, निघालेलं असेल तर सगळ्यात आधी ते मिळवा.

नाही म्हणाले तर

तोंडी "नाही होणार" ऐकून परत येऊ नका. अर्ज कशामुळे नाकारला ते लेखी मागा. बहुतेक वेळा एखाद्या कागदाची त्रुटी असते आणि ती पूर्ण करून पुन्हा अर्ज देता येतो. लेखी देत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, आणि उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. अर्जात गोष्ट सांगत बसू नका. एवढंच विचारा: अमुक तारखेला दिलेल्या अर्जावर आजपर्यंत काय कार्यवाही झाली, फाइल सध्या कुणाच्या टेबलावर आहे, समितीच्या कुठल्या बैठकीत हे प्रकरण ठेवलं. बऱ्याच फाइली या अर्जानंतर हलतात.

त्यानेही काही झालं नाही तर जिल्हाधिकाऱ्यांचा लोकशाही दिन, म्हणजे तक्रारी ऐकायचा दिवस असतो, महिन्याच्या पहिल्या सोमवारी. उपनगर जिल्ह्याचं कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे. तक्रार ठरलेल्या नमुन्यात आधीच द्यावी लागते, त्यामुळे सोमवारी सकाळी नुसतं जाऊन उपयोग नाही. त्या दिवशी ज्याचं पेन्शन आहे त्या माणसाला सोबत न्या आणि बोलू द्या. आपली बोली असली तरी चालते, तुम्ही शेजारी उभं राहून तारखा सांगा, पोचपावती आणि माहिती अधिकाराचं उत्तर पुढे करा. बोलणं झालं की तक्रारीच्या प्रतीवर शिक्का घ्या, पुढची तारीख विचारा आणि ती तिथेच फाइलवर लिहून ठेवा.